चौकातला माणूस सुखरूप घरी यावा म्हणून

दिवेलागणीची वेळ डोळ्यांपुढे आणा. वाशीमच्या पुसद नाक्यावर किंवा हिंगोली नाक्यावर आपण काही कामाने गेला आहात. शिकवण्या सुटल्या आहेत, बाजारातून परतणाऱ्यांची घाई आहे, सोयाबीनची पोती लादलेला ट्रॅक्टर मागचा दिवा नसतानाही निर्धास्त चालला आहे. या सगळ्या गदारोळाच्या मधोमध एक माणूस उभा आहे. तोंडात शिट्टी, एक हात वर, दुसरा आडवा. त्याचा हात कोणत्या दिशेला वळतो एवढ्यापुरतेच आपण त्याच्याकडे पाहतो. हात खाली आला की आपण पुढे निघतो, आणि तो माणूस आपल्या मनातून पुसला जातो.

वाचकहो, त्या माणसालाही घर आहे. रात्रीचे जेवण झाकून ठेवून दाराकडे डोळे लावून बसलेली वृद्ध आई आहे, गाडीचा आवाज ओळखणारे वडील आहेत, पत्नी आहे. कदाचित आपणच त्या घरातले असाल. आणि तसे नसले, तरी रात्री स्कूटरवरून किंवा मोटारीतून जाताना तो माणूस आपल्याला वेळेवर दिसणे हे त्याच्या जिवाशी जोडलेले आहे. म्हणून वाहतूक नियंत्रण करणाऱ्यांच्या सुरक्षासाधनांचा हा विषय केवळ पोलीस खात्याचा किंवा रस्त्याच्या ठेकेदाराचा नाही. तो घरातला आहे, आणि घरातील ज्येष्ठांचा तर विशेष आहे. तो कसा, हे क्रमाने पाहू.

रस्त्यावर उभी राहणारी माणसे

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके. जिल्हा लहान असला, तरी त्यातून जाणारे रस्ते मोठे आहेत. अकोल्याहून मालेगाव आणि वाशीममार्गे हिंगोली-नांदेडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग १६१ आहे. कारंजा, शेलूबाजार, मालेगाव अशा गावांना जोडत पश्चिमेकडे जाणारा नागपूरचा जुना रस्ता आहे. आणि आता ७०१ किलोमीटर लांबीचा समृद्धी महामार्गही जिल्ह्याच्या तीन तालुक्यांतून जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला, तेव्हापासून वेगाची एक नवी जात आपल्या शेतशिवारांशेजारून धावू लागली.

या रस्त्यांवर वाहने थांबवणारी, वळवणारी, सावध करणारी माणसे अनेक प्रकारची असतात. पांढरा शर्ट आणि खाकी विजार घातलेले वाहतूक पोलीस आपल्या परिचयाचे आहेत. त्यांच्या जोडीला गृहरक्षक दलाचे जवान असतात. १९४६ च्या डिसेंबरात तत्कालीन मुंबई प्रांतात उभे राहिलेले हे दल सण, निवडणुका आणि यात्रांच्या काळात आपल्या चौकाचौकांत दिसते. रस्त्याचे काम चालू असेल तेथे लाल-हिरवी झेंडी घेतलेले मजूर असतात. त्यांत स्त्रियाही असतात, साडीवर जाकीट चढवून दिवसभर उन्हात उभ्या. महामार्गावर बंद पडलेल्या वाहनाजवळ शंकू मांडणारे गस्तीपथकाचे कर्मचारी असतात. रामनवमीला पोहरादेवीला लोटणाऱ्या गर्दीत वाट मोकळी करणारे स्वयंसेवक असतात. श्री गजानन महाराजांची पालखी पंढरपूरच्या वाटेवर मेडशी, शिरपूर, रिसोड अशी जाते, तेव्हा दिंडीच्या पुढे-मागे वाहनांना हात दाखवणारे सेवेकरी असतात. यांतील काहींना गणवेश मिळतो, काहींना फक्त शिट्टी, आणि काहींना तीही नाही.

वेगाचे साधे गणित

ताशी ८० किलोमीटर वेगाने येणारे वाहन एका सेकंदात सुमारे २२ मीटर अंतर कापते. ताशी १२० किलोमीटर वेग असेल, तर ३३ मीटर. समोर माणूस आहे हे डोळ्यांनी टिपणे, मेंदूने ओळखणे आणि पायाने ब्रेक दाबणे या सर्वांना वेळ लागतो. आपल्याकडील रस्ते आखताना अभियंते त्यासाठी अडीच सेकंद धरतात. म्हणजे ८० च्या वेगात ब्रेकवर पाय पडेपर्यंतच गाडी ५५ मीटर पुढे आलेली असते. त्यानंतर ती घसटत थांबते. हे सारे मिळून सुमारे १२० मीटर अंतर लागते. १०० च्या वेगाला १८० मीटर.

आता रात्रीचा विचार करा. खाली वळवलेल्या हेडलाइटच्या प्रकाशात गडद कपड्यांतील माणूस चालकाला जेमतेम काही दशक मीटरांवर आल्यावरच दिसतो. गाडी थांबायला १२० मीटर हवेत आणि माणूस त्याच्या अर्ध्या अंतरावरही दिसत नाही. चालक कितीही भला असो, ब्रेक कितीही उत्तम असोत, ही तूट भरून निघत नाही. ती भरून काढण्याचा उपाय एकच, माणूस लांबून दिसला पाहिजे. वाहतूक नियंत्रण करणाऱ्याच्या सर्व साधनांमागे हे एक सूत्र आहे.

दिवसा रंग, रात्री पट्टी

चौकात दिसणारे पोपटी-पिवळे किंवा केशरी जाकीट आपण पाहिले असेल. त्यात दोन वेगळी साधने एकत्र शिवलेली असतात, आणि त्यांची कामे वेगळी आहेत.

पहिले साधन म्हणजे कापडाचा झळाळता रंग. सूर्यप्रकाशातील अदृश्य अतिनील किरण शोषून हा रंग त्यांचे दृश्य प्रकाशात रूपांतर करतो, म्हणून तो साध्या रंगापेक्षा अधिक उजळ वाटतो. ढगाळ सकाळी आणि संधिप्रकाशात तो विशेष उपयोगी पडतो. दिवसाच्या उजेडात माणसाचा डोळा हिरवट-पिवळ्या रंगाला सर्वाधिक संवेदनशील असतो, हे पोपटी जाकिटामागचे कारण आहे. परंतु श्रावणात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन आणि तूर हिरवीगार डोलत असते, तेव्हा त्या हिरवाईवर केशरी रंग अधिक उठून दिसतो. उन्हाळ्यात सारे माळरान करपून पिवळे-तपकिरी झालेले असताना पोपटी बरा. सूर्य मावळला, की हा रंग मात्र निष्प्रभ होतो.

तेथून दुसऱ्या साधनाचे काम सुरू होते. जाकिटावरील राखाडी-रुपेरी पट्टीत काचेचे अतिसूक्ष्म मणी किंवा बारीक लोलक असतात. प्रकाश ज्या दिशेने आला त्याच दिशेला ते तो परत पाठवतात. त्यामुळे हेडलाइटचा झोत पडताच पट्टी चालकाच्याच डोळ्यांत लख्ख उजळते, आणि ती चांगल्या स्थितीत असेल तर १५० मीटरहूनही अधिक अंतरावरून दिसते. बाजूला उभ्या असलेल्या माणसाला तीच पट्टी मळकट वाटू शकते. म्हणून दिवसा हातात घेऊन ‘चमकत तर नाही’ किंवा ‘छान चमकते’ असे ठरवणे फसवे असते.

पट्ट्या छातीवर आणि पाठीवर तर हव्याच. पण मनगट, गुडघा आणि घोटा यांजवळही असाव्यात. छातीवरची स्थिर पट्टी दुरून एखाद्या फलकासारखी भासू शकते. हातपायांवरच्या पट्ट्या हलू लागल्या, की पाहणाऱ्याचा मेंदू क्षणात ओळखतो की हा माणूस आहे. रात्रीच्या दृश्यतेवरील अभ्यासांत हे पुन्हा पुन्हा दिसून आले आहे. चालकाला ‘काहीतरी आहे’ असे वाटण्यात आणि ‘माणूस आहे’ असे कळण्यात जो क्षण जातो, तोच येथे मोलाचा असतो.

डोक्यापासून पायापर्यंत

जाकिटानंतर इतर साधने येतात. प्रत्येकाचे कारण समजले, म्हणजे ते वापरण्याचा आग्रह धरणे सोपे जाते.

*डोके :* रस्त्याच्या कामावर वरून वस्तू पडण्याचा, यंत्राचा दांडा लागण्याचा धोका असतो. तेथे कारखान्यात वापरतात तसले टणक हेल्मेट हवे. त्यावर आयएस २९२५ हे मानक छापलेले असते. दुचाकीवरून कामावर जाताना मात्र आयएस ४१५१ चे हेल्मेटच घालावे. एकाने दुसऱ्याचे काम होत नाही.

*डोळे :* अतिनील किरण पूर्णपणे अडवणारा चष्मा ही चैन नाही. वर्षानुवर्षे ऊन आणि धूळ सोसलेल्या डोळ्यांत बुबुळावर मांस वाढू शकते, मोतीबिंदूही लवकर येऊ शकतो. काचा फार काळ्या नसाव्यात, आणि संध्याकाळ होताच चष्मा उतरवावा.

*कान :* दररोज आठ तास ८५ डेसिबलपर्यंतचा आवाज ही कानांसाठी धोक्याची रेषा मानली जाते. त्यापुढे दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मी होते. मालमोटारींचे कर्कश हॉर्न ही रेषा सहज ओलांडतात. परंतु वाहतूक नियंत्रकाला कान पूर्ण बंद करूनही चालत नाही, मागून येणारे वाहन त्याला ऐकू आले पाहिजे. म्हणून आवाज सौम्य करणारे साधे बोळे, गोंगाटाच्या जागी आलटून-पालटून काम आणि वर्षातून एकदा श्रवणचाचणी हा मध्यममार्ग. घरातील माणूस दूरचित्रवाणीचा आवाज वाढवू लागला, ‘बोलतोस ते ऐकू येते, पण शब्द कळत नाहीत’ म्हणू लागला, तर ती पहिली खूण समजावी.

*नाक आणि तोंड :* रुमाल किंवा दुपट्टा मोठी धूळ अडवतो. धुरातील आणि खडीच्या भुकटीतील अतिसूक्ष्म कण त्यातून सहज आत जातात. त्यासाठी एन-९५ किंवा एफएफपी-२ प्रकारची, चेहऱ्याला घट्ट बसणारी मुखपट्टी लागते. दाढीवर ती नीट बसत नाही, आणि घामाने भिजली, की बदलावी लागते.

*पाय :* कामाच्या जागी पुढचा भाग कठीण असलेले बूट हवेत. चप्पल घालून डांबरावर उभे राहणे म्हणजे पाय भाजून घेणे. तासन्‌तास एका जागी उभे राहिल्याने पायांच्या शिरा फुगतात, संध्याकाळी घोटे सुजतात. पोटरीचे स्नायू आकुंचन पावले, की पायातील रक्त हृदयाकडे ढकलले जाते. ते निश्चल राहिले, की रक्त साचते. म्हणून दर काही मिनिटांनी टाचा उचलाव्यात, जागच्या जागी पावले टाकावीत. सूज रोजचीच झाली, तर डॉक्टरांना विचारून दाब देणारे मोजे वापरावेत. घरी आल्यावर पाय उशीवर घेऊन पंधरा-वीस मिनिटे पडणे हा औषधाविना होणारा उपचार आहे.

*हात :* झेंडी, शिट्टी आणि रात्री लाल दिव्याची दांडी, जिला सर्वजण बॅटन म्हणतात. बॅटनच्या बॅटऱ्या कामाला निघण्यापूर्वीच तपासाव्यात. शिट्टी प्रत्येकाची स्वतःची असावी, ती दुसऱ्याला देऊ नये आणि रोज साबणाने धुवावी.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. ही साधने अंगावरची आहेत, आणि अंगावरचे साधन ही संरक्षणाची शेवटची ओळ असते. जाकीट दिसते, पण धक्का अडवत नाही. त्याच्याआधी कामाच्या जागेपासून पुरेशा अंतरावर सूचनाफलक, वेग कमी करायला लावणारे शंकू, माणूस आणि वाहन यांच्यामध्ये भक्कम अडथळा, आणि रात्री दिवे हवेत. झेंडीवाल्याने वाहनांच्या मार्गाबाहेर, रस्त्याच्या कडेला, येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून उभे राहावे. पाठ कधीही फिरवू नये, आणि मागे पळून जाण्याइतकी मोकळी जागा ठेवावी. ‘जाकीट दिले म्हणजे झाले’ असे कोणी म्हणत असेल, तर ते अर्धेच सत्य आहे.

ऊन, सावली आणि एक कठीण पेच

चैत्र-वैशाखात वाशीमचा पारा ४२-४३ अंशांवर जातो. डांबराची उष्णता, वाहनांच्या इंजिनांची धग आणि अंगावर हवा न जाऊ देणारे जाकीट यांची त्यात भर पडते. अशा वेळी झेंडी घेतलेला माणूस साहजिकच रस्त्याकडेच्या निंबाखाली सरकतो. आपणही तेच केले असते. परंतु लख्ख उन्हातून भरधाव येणाऱ्या चालकाला गर्द सावलीतला माणूस दिसत नाही. सावली त्याला उष्माघातापासून वाचवते आणि त्याच वेळी चालकाच्या नजरेआड करते.

दुसरा पेचही असाच आहे. आपल्या विदर्भात ऊन वाढले, की दुपट्टा डोक्याला गुंडाळून त्याची टोके छातीवर आणि पाठीवर सोडण्याची रीत आहे. ती अगदी योग्य आहे, कारण उन्हाचा तडाखा डोक्यावर आणि मानेवर बसत नाही. मात्र ती टोके जाकिटावरील पट्ट्या झाकून टाकतात. साडीचा पदर जाकिटावरून घेतला, तरी हेच होते. पावसाळ्यात गडद रेनकोट जाकिटाच्या वर चढवला, की जाकीट असून नसल्यासारखे.

उपाय अवघड नाहीत. दुपट्ट्याची टोके जाकिटाच्या आत खोचावीत. पदर खोचून त्यावर जाकीट घालावे आणि त्याची चेन किंवा पट्टे लावलेले असावेत. रेनकोट आत आणि जाकीट बाहेर, हा क्रम ठेवावा. सावलीच्या बाबतीत खरा उपाय पाळ्यांचा आहे. एकाने उन्हात दिसेल अशा जागी उभे राहावे, दुसऱ्याने सावलीत विसावा घ्यावा, आणि ठरल्या वेळी अदलाबदल करावी. एकाच माणसाला दुपारभर उभे करणे ही काटकसर नाही. अहमदाबादेत वाहतूक पोलिसांना बॅटरीवर चालणारी गार हवेची हेल्मेट देऊन पाहण्यात आली. तशी सोय सर्वत्र होईल तेव्हा होईल. तोवर पाणी आणि पाळी ही दोन साधने हाताशी आहेत.

तहान लागण्याची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे. घाम फार येत असेल, तर अधूनमधून जलसंजीवनी घ्यावी. तयार पाकीट नसल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ मिसळावे. मीठ याहून अधिक घालू नये. मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर उन्हातील कामाविषयी डॉक्टरांना अवश्य सांगावे. पहिल्या उन्हात नव्याने कामावर जाणाऱ्याच्या शरीराला उष्णतेची सवय होण्यास एक ते दोन आठवडे लागतात. त्या काळात त्याला पूर्ण दिवस उभे करू नये.

असंबद्ध बोलणे, झोक जाणे, त्वचा तापणे, बेशुद्धी ही उष्माघाताची लक्षणे आहेत. घाम येत असला, तरी ती गंभीरच समजावीत. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, माणसाला सावलीत नेऊन कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतत वारा घालावा, मान, काख आणि जांघेत बर्फ किंवा ओली फडकी ठेवावीत. शुद्ध नसेल, तर तोंडात पाणी घालू नये. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा क्रमांकही आहे.

जाकीट घरी येते तेव्हा

आता आपल्या उंबरठ्याच्या आतले काम. जाकीट मिळते कामाच्या ठिकाणी, पण त्याचे आयुष्य ठरते घरातल्या मोरीत आणि दोरीवर. घामाने, धुराने माखलेले जाकीट इतर कपड्यांबरोबर गरम पाण्यात भिजवून, ब्रशने घासून, पिळून, कडक उन्हात वाळत घालणे ही आपली सवय. प्रेमाने केलेल्या या स्वच्छतेतच पट्टीवरील मणी निघून जातात आणि कापडाचा झळाळता रंग विटतो.

जाकिटाच्या आतील चिठ्ठीवर धुण्याची रीत आणि पुष्कळदा किती धुण्यांपर्यंत ते टिकेल तो आकडाही दिलेला असतो. तो वाचावा, बारीक अक्षर दिसत नसेल, तर नातवंडांकडून वाचून घ्यावा. कोमट किंवा गार पाणी आणि सौम्य साबण वापरावा. ब्लीच नको, कपडे मऊ करणारे द्रावण नको, पट्टीवर ब्रश नको, पिळणे नको, इस्त्री तर नकोच. जाकीट उलटे करून सावलीत वाळवावे. रोज सगळे धुण्याची गरज नसते. पट्ट्यांवरची धूळ मात्र ओल्या मऊ फडक्याने रोज टिपून घ्यावी, कारण धुळीचा थर बसला, की चांगली पट्टीही आंधळी होते.

आणि ही एक परीक्षा महिन्यातून एकदा करा. घरातील ज्येष्ठांनी ती आपल्याकडे घ्यावी, असे मी मुद्दाम सुचवतो. रात्री अंगणातला दिवा मालवा. मुलाला किंवा सुनेला जाकीट घालून वीस पावलांवर उभे करा. हातातील विजेरी आपल्या डोळ्यांच्या अगदी शेजारी, कानशिलापाशी धरून तिचा झोत जाकिटावर टाका. विजेरी कमरेशी धरली, तर परीक्षा फसते, कारण पट्टी प्रकाश जेथून आला तेथेच परत पाठवते. पट्ट्या पांढऱ्याशुभ्र, सलग उजळल्या तर ठीक. त्या राखाडी दिसल्या, मध्येच तुटक अंधार दिसला, भेगा पडलेल्या असल्या, तर जाकीट बदलण्याची वेळ झाली आहे. मग त्या व्यक्तीला वळून उभे राहायला सांगा, कारण अनेकदा पाठीची बाजू आधी झिजलेली असते आणि ती स्वतःला कधीच दिसत नाही. वाहन मात्र पाठीमागूनही येते.

जाकीट मागणे हा हक्क

जीर्ण जाकीट बदलून मागताना अनेकांना संकोच वाटतो. तो बाळगू नये. काम करणाऱ्याला सुरक्षासाधने पुरवणे ही काम देणाऱ्याची जबाबदारी आहे. रस्त्याचे कामही बांधकामातच मोडते. १८ ते ६० वयोगटातील आणि मागील वर्षात ९० दिवस असे काम केलेल्या मजुराला महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करता येते. मंडळाकडून नोंदित कामगारांसाठी सुरक्षा संच देण्याची योजना राबवली गेली आहे. आपल्या घरात किंवा शेजारी कोणी असे काम करत असेल, तर नोंदणी चालू आहे का, नूतनीकरण झाले आहे का, हे विचारा. कागदपत्रांची फाइल नीट लावणे, तारखा लक्षात ठेवणे हे निवृत्त माणसाइतके चांगले कोणाला जमणार?

बाजारातून स्वतः जाकीट घेण्याची वेळ आली, तर केवळ रंग पाहून घेऊ नये. आयएस १५८०९ किंवा आयएसओ २०४७१ हे मानक चिठ्ठीवर आहे का ते पाहावे. काही स्वस्त जाकिटांवर पट्टीसारखे दिसणारे नुसते राखाडी प्लास्टिक असते. वर सांगितलेली विजेरीची परीक्षा दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यातही करता येते.

आता आपल्या डोळ्यांविषयी

येथवर आपण दिसणाऱ्याचा विचार केला. पण दिसणे ही एकट्याची गोष्ट नसते; पाहणारा डोळाही तितकाच लागतो. वय वाढते तशी बाहुली लहान होते, भिंग पिवळट आणि गढूळ होते. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या तरुणाच्या तुलनेत सुमारे एकतृतीयांशच प्रकाश पोहोचतो. समोरच्या वाहनाच्या झोताने दिपलेले डोळे पूर्ववत होण्यासही अधिक वेळ लागतो. मोतीबिंदू असेल, तर तो झोत सगळीकडे पसरतो आणि त्याच्या पलीकडे उभा असलेला माणूस त्यात विरघळून जातो. म्हणजे तरुण चालकाला शंभर मीटरवर दिसणारा गृहरक्षक आपल्याला त्याहून बराच जवळ आल्यावर दिसेल. दोष त्याचा नाही आणि आपलाही नाही. पण हे ठाऊक झाल्यावर काळजी घेण्याची जबाबदारी मात्र आपली आहे.

वर्षातून एकदा डोळे तपासून घ्या. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया शासकीय रुग्णालयांत राष्ट्रीय कार्यक्रमांतर्गत मोफत होते. ‘पिकल्यावर करू’ म्हणत वर्षे घालवू नका. वाहन चालवत असाल, तर समोरची काच आतून-बाहेरून स्वच्छ ठेवा, चष्म्यावरचे ओरखडे दुर्लक्षू नका, अंधार पडल्यावर वेग कमी करा. रात्रीचे वाहन चालवणे कठीण वाटू लागले असेल, तर ते मोकळेपणाने घरी सांगा. चाळिशीनंतर परवान्याच्या नूतनीकरणासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. ते केवळ शिक्का मारून घेण्याचा कागद समजू नका, खरोखर तपासणी करून घ्या. मुलाने किंवा सुनेने ‘बाबा, रात्री गाडी नको’ म्हटले, तर तो अपमान नाही. कोणाच्या तरी मुलाचा जीव त्यात गुंतलेला असतो.

जी पट्टी झेंडीवाल्याला दिसू देते, ती आपल्यालाही दिसू देईल. पहाटे फिरायला जाणारे आजोबा पुष्कळदा गडद स्वेटर आणि करड्या शालीत असतात, आणि थंडीत पाच वाजता रस्त्यावर काळोख असतो. हलके जाकीट किंवा निदान दोन्ही घोट्यांवर आणि काठीवर अशी पट्टी बांधा. आपली वाहने डावीकडून चालतात, तेव्हा पदपथ नसेल तेथे रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून चाला. हातात विजेरी ठेवा. दिंडीतून किंवा पायी वारीतून जाताना रांगेतील पहिल्या आणि शेवटच्या माणसाच्या अंगावर जाकीट आणि हातात दिवा असावा.

दारात दोन मिनिटे

कामावर निघणाऱ्याला आपण दारात ‘सांभाळून जा’ म्हणतो. त्या शब्दांना कृतीची जोड द्या. जाकिटाची चेन लावली आहे का, पट्ट्या पुसल्या आहेत का, बॅटन पेटते का, पाण्याची बाटली भरली आहे का, जलसंजीवनीचे पाकीट खिशात आहे का, दुपट्टा आत खोचला आहे का, एवढेच पाहायचे. दोन मिनिटे लागतील. रोज पाहिले, की त्यालाही त्याची सवय होईल, आणि एखाद्या दिवशी आपण विसरलात, तर तो स्वतःच दारात थांबेल.

उन्हाळ्यात रस्त्याकडेला पाणपोई घालण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. आपल्या घराजवळ रस्त्याचे काम चालू असेल, तर एक माठ तेथवर न्या. आणि यापुढे चौकातून जाताना त्या उंचावलेल्या हाताबरोबर त्या माणसाकडेही क्षणभर पाहा. त्याच्या पट्ट्या अंधारात उजळतात की नाही, हे त्याला स्वतःला दिसत नाही; आपल्याला दिसते. उजळत नसतील, तर थांबून त्याला तसे सांगा. घरी जाऊन तो ते कोणाला तरी सांगेल, आणि त्या घरातही एके रात्री अंगणातला दिवा मालवला जाईल.